पापणी जराशी उतरली आहे: कातडी काढायची, की आतला स्नायू आवळायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ५३, शाळेत शिक्षिका. दोनेक वर्षांपासून डावी वरची पापणी थोडी खाली आली आहे, फोटोत डोळा पेंगुळलेला दिसतो, संध्याकाळी वह्या तपासताना कपाळ जड होते. वीस वर्षे सेमी-सॉफ्ट लेन्स वापरतात. एका डॉक्टरांनी ब्लेफरोप्लास्टी सांगितली, म्हणजे जास्तीची कातडी काढायची. दुसरे म्हणाले, कातडीला हातही लावायचा नाही, पापणी उलटून आतून करू, बाहेर एकही टाका दिसणार नाही. तिसऱ्या ठिकाणी, एका स्किन क्लिनिकमध्ये, प्लाझ्मा पेनने बिनकापाची 'लिफ्ट' सुचवली. मुलीचे लग्न डिसेंबरात आहे. यातली चांगली पद्धत कोणती?

ताई, या तिघांनी तुम्हाला एकाच दुखण्यावरचे तीन उपाय सांगितलेले नाहीत. वेगवेगळ्या दुखण्यांवरचे तीन उपाय सांगितले आहेत. त्यामुळे चांगली पद्धत कोणती हे ठरवण्याआधी तुमच्या डोळ्यात नेमके काय उतरले आहे हे कळायला हवे. गेली बावीस वर्षे मी पापण्यांच्याच शस्त्रक्रिया करते, आणि माझ्याकडे दुसऱ्यांदा दुरुस्तीला येणाऱ्यांपैकी बहुतेकांची शस्त्रक्रिया हाताने बिघडलेली नसते, निदानाने बिघडलेली असते.

मी रुग्णांना परकराचे उदाहरण देते. परकर जमिनीला लोळतोय. आता तो मुळात लांब आहे, की नाडी सैल झाली आहे? लांब असेल तर खालून टीप घालायची. नाडी सैल असेल तर नाडी आवळायची. नाडी सैल असताना कुणी खालून कापड कापले, तर काही वेळ बरे वाटेल, पण परकर कमरेवरून उतरलेलाच राहील आणि कापड मात्र कायमचे गेले. पापणीची कातडी म्हणजे कापड, पापणी उचलणारा स्नायू म्हणजे नाडी.

हा स्नायू म्हणजे लिव्हेटर. तो डोळ्याच्या खोबणीत मागून निघतो आणि पुढे येऊन एका पातळ, पांढऱ्या, पसरट कंडरेने पापणीच्या कण्याला, म्हणजे टार्सल प्लेटला, चिकटतो. त्याच्या पोटाखाली आणखी एक छोटासा स्नायू असतो, म्यूलरचा. तो आपल्या इच्छेवर चालत नाही. घाबरल्यावर डोळे विस्फारतात ते त्याच्यामुळे. त्याची उचल जेमतेम २ मिलिमीटरची. पण तुमच्यासारख्या किरकोळ उतारात सगळा हिशेबच २ मिलिमीटरचा असतो, म्हणून हा धाकटा भाऊ पुढे फार कामाला येणार आहे.

वय वाढते तशी लिव्हेटरची ही कंडरा ताणली जाते, पातळ होते, कधी प्लेटवरून सुटते. स्नायूची ताकद शाबूत असते, ओढ मात्र पापणीपर्यंत पोचत नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर, डोळे सतत चोळणाऱ्यांत आणि वर्षानुवर्षे कडक लेन्स वापरणाऱ्यांत हे लवकर होते. सेमी-सॉफ्ट लेन्सही कडक जातीतलीच, आणि ती काढताना आपण डोळ्याचा बाहेरचा कोपरा कानाकडे ओढतो आणि डोळा मिचकावतो. वीस वर्षे, रोज, दोन्ही डोळे. तुमचा प्रश्न वाचताना माझे लक्ष वयापेक्षा त्या लेन्सवर जास्त अडकले.

आता आरशासमोर बसा. दिवसाउजेडी, चष्मा-लेन्स काढून. आधी डोळे मिटा, कपाळ अगदी सैल सोडा, दोन्ही भुवयांवर बोटे हलकी दाबून धरा आणि मग डोळे उघडा. बहुतेकांना इथेच धक्का बसतो, कारण पापणी आपल्याला वाटत होती त्यापेक्षा खाली असते. इतके दिवस कपाळाचा स्नायू भुवई वर खेचून ओझे उचलत होता. संध्याकाळचे जड कपाळ बऱ्याचदा त्या हमालीचे असते. आता कान साफ करायच्या काडीने पापणीवर लोंबणारी कातडीची घडी हळूच वर उचला आणि पापणीचे केस जिथून उगवतात ती कड पाहा. ती कड योग्य जागी असेल आणि वरची कातडीच फक्त तिच्यावर ओघळत असेल, तर कापड लांब आहे. कातडी उचलूनही कडच बाहुलीवर झुकलेली राहत असेल, तर नाडी सैल आहे.

दवाखान्यात आम्ही हेच मोजून करतो. समोरून टॉर्च धरला की बाहुलीच्या मध्यावर उजेडाचा ठिपका पडतो. त्या ठिपक्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचे अंतर साधारण ४ ते ५ मिलिमीटर असते. पापणी बुबुळाचा वरचा १-२ मिलिमीटर भाग झाकते, ते नॉर्मल. तुमचे हे अंतर अडीच-तीन असेल तर तो किरकोळ उतार, आम्ही माइल्ड टोसिस म्हणतो तो. मग भुवई अंगठ्याने दाबून धरून तुम्हाला खाली पाहायला सांगायचे, मग वर, आणि पापणीची कड किती सरकली ते पट्टीने मोजायचे. १२ मिलिमीटर किंवा जास्त सरकली तर स्नायू धडधाकट आहे. तिसरे, पापणीची घडी. बायकांमध्ये ती केसांच्या ओळीपासून ८ ते १० मिलिमीटरवर असते. कंडरा सुटलेली असेल तर घडी वर चढते आणि भुवईखाली खळगा पडल्यासारखा दिसतो. ज्यांनी ब्लेफरोप्लास्टी सुचवली त्यांनी ही तीन मापे केसपेपरवर लिहिली आहेत का ते पाहा. नसतील तर त्यांनी पापणी पाहिली आहे, मोजलेली नाही.

माझीही चूक सांगते. प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांत एका बाईंची दोन्ही डोळ्यांवरची कातडी मी फार नेटकी काढली होती. टाके सुंदर, घडी सुंदर. दोन महिन्यांनी त्या आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, कातडी गेली, पण झोप गेली नाही." पापणीची कड आधीही २ मिलिमीटर खाली होती. वरच्या लोंबत्या कातडीने ती झाकली होती आणि मी ती उचलून पाहिलीच नव्हती. त्यांना दुसऱ्यांदा टेबलावर घ्यावे लागले, आणि तेव्हा प्रत्येक पावलाला कातडी जपून, कारण आता ती उरलेलीच मोजकी होती.

शस्त्रक्रियेच्या पद्धतींकडे वळायच्या आधी एक गाळणी लावायलाच हवी. पापणी उतरणे हे दरवेळी पापणीचे दुखणे नसते. सकाळी ठीक आणि संध्याकाळी फार खाली, कधी डावी तर कधी उजवी, अधूनमधून एकाच्या दोन वस्तू दिसणे, असे असेल तर मायस्थेनियाचा, म्हणजे स्नायू वापरता वापरता थकवणाऱ्या आजाराचा, संशय घ्यायचा. बर्फाची पुरचुंडी मिटल्या पापणीवर दोन मिनिटे ठेवायची. त्यानंतर पापणी २ मिलिमीटर किंवा जास्त वर आली तर संशय बळावतो. इतक्या स्वस्तातली तपासणी वैद्यकात क्वचितच असेल. पापणी किंचित उतरलेली आणि त्याच बाजूची बाहुली बारीक, तर हॉर्नर सिंड्रोम, म्हणजे डोळ्याकडे येणाऱ्या नसेच्या वाटेतला बिघाड. मान आणि छातीपर्यंत तपास करावा लागतो. आणि पापणी एक-दोन दिवसांत अचानक पडली, बाहुली मोठी झाली, डोके दुखतेय, डोळा बाहेर वळलाय, तर हे उत्तर वाचत बसू नका. मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा असे दिसू शकतो, त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात जायचे. तुमचा उतार दोन वर्षांत हळूहळू आला आहे आणि लेन्सचे कारण समोर आहे, म्हणून मी पुढे जाते. पण तुमच्या डॉक्टरांनी बाहुल्या आणि डोळ्यांच्या हालचाली पाहिल्या का, हे विचारून घ्या. अलीकडे कपाळावर बोटॉक्स घेतले असेल तर तेही सांगा. त्याचे औषध खाली उतरून पडलेली पापणी काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत, आपली आपण वर येते. तिला सुरी लावायची नसते.

आता ब्लेफरोप्लास्टी. नाडी ठीक आणि कापड जास्त असेल तर ही उत्तम शस्त्रक्रिया आहे. खुणा रुग्णाला बसवून करायच्या, आडवे करून नाही, आणि भूल टोचायच्या आधी. खालची रेघ पापणीच्या नैसर्गिक घडीत. वरची रेघ ठरवताना चिमट्याने कातडी हलकी उचलून पाहायचे की केस बाहेर वळत नाहीत ना, डोळा मिटतोय ना. माझा अलिखित नव्हे, भिंतीवर लिहिलेला नियम: भुवईच्या खालच्या कडेपासून पापणीच्या केसांपर्यंत कातडी २० मिलिमीटर तरी उरली पाहिजे. त्याहून कमी उरली तर रात्री डोळा नीट मिटत नाही, बुबुळ कोरडे पडते आणि सुंदर दिसण्याच्या नादात डोळा लाल करून बसतो. जास्त राहिलेली कातडी नंतर काढता येते. काढलेली परत लावायची तर कानामागून किंवा दुसऱ्या पापणीवरून आणावी लागते.

चरबीबद्दल पूर्वी आम्ही फार उदार होतो, दिसली की काढा. त्या काळातले चेहरे आज पाहिले की पापणीच्या जागी खळगे दिसतात. वयाबरोबर चरबी तशीही झिजते, म्हणून आता नाकाकडच्या कोपऱ्यातला फुगवटा थोडा कमी करायचा आणि बाकीची ठेवायची याकडे बहुतेकांचा कल आहे. वरच्या पापणीत चरबीच्या पिशव्या दोनच असतात. बाहेरच्या बाजूला जो उंचवटा दिसतो ती अश्रुग्रंथी. तिला चरबी समजून कापणारे भेटलेले आहेत. आणि भुवईच उतरलेली असेल, तर कातडी काढल्याने भुवई आणखी खाली ओढली जाते. तिथे आधी भुवईचा विचार करायचा.

तुमचे वर्णन ऐकून मला वाटते की नाडी सैल आहे, कापड थोडेसे जास्त आहे. म्हणजे खरी तुलना आतून करायची की बाहेरून, अशी आहे.

आतून म्हणजे म्यूलरचा स्नायू आखूड करणे. अॅलन पुटरमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७५ मध्ये ही पद्धत मांडली आणि त्यासाठी वापरायचा चिमटा आजही पुटरमन क्लॅम्प म्हणूनच मागवला जातो. ती जमेल की नाही हे एका थेंबावर ठरते. फेनिलेफ्रिनचा थेंब, मी अडीच टक्क्यांचा वापरते, डोळ्यात घालायचा आणि पाच-दहा मिनिटे थांबायचे. हे औषध म्यूलरला जागे करते. पापणी वर येऊन दुसऱ्या डोळ्याच्या बरोबरीला बसली, तर शस्त्रक्रियेनंतर डोळा साधारण कसा दिसेल ते तुम्ही आरशात आधीच पाहिले. रुग्णाला मी त्या क्षणी मोबाइलवर स्वतःचा फोटो काढायला लावते. या थेंबाने बाहुलीही मोठी होते, काही तास जवळचे धूसर दिसते, तेव्हा स्कूटरवर एकट्या येऊ नका. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी सांगा. दहा टक्क्यांचा थेंब अशांना मी घालतच नाही.

शस्त्रक्रिया एका डोळ्याची पंधरा-वीस मिनिटांची. पापणी उलटायची, आतले अस्तर आणि त्याला चिकटलेला म्यूलर यांची मोजलेली घडी चिमट्यात धरायची, खालून टाका घालत जायचा आणि घडी कापून टाकायची. ढोबळ हिशेब असा की ४ मिलिमीटर काढले की पापणी १ मिलिमीटर चढते, म्हणून २ मिलिमीटरच्या उतारासाठी ८ मिलिमीटर. थेंबाला प्रतिसाद कसा आला त्यावर हे थोडे कमी-जास्त करतो. आता गंमत अशी, की सैल झालेली असते लिव्हेटरची कंडरा, आणि आपण आखूड करतो म्यूलर. मग पापणी का चढते? घडी शिवताना मागून लिव्हेटरही पुढे ओढला जात असावा असे काहींचे म्हणणे, जखम भरताना आवळते असे काहींचे. वाद मिटलेला नाही, पापण्या मात्र चढतात.

या पद्धतीचे मोठे सुख म्हणजे पापणीची कमान. कड गोल राहते, मध्येच टोक येत नाही, आणि निकाल बराचसा आधी सांगता येतो. टेबलावर रुग्णाने "वर पाहा, खाली पाहा" ऐकायची गरज नसते, त्यामुळे घाबरट माणसाला थोडे गुंगीचे औषधही देता येते. बाहेर व्रण नाही. पण ती २ मिलिमीटरच्या आसपासच्या उतारापुरती. स्नायूच कमजोर असेल तर उपयोग नाही. डोळे फार कोरडे असतील, आतल्या अस्तरावर जुने व्रण असतील, किंवा काचबिंदूसाठी डोळ्यातला दाब कमी करणारी गाळणीची शस्त्रक्रिया झाली असेल तर मी ती करत नाही. आणि ती कातडी कमी करत नाही, वर चढलेली घडीही खाली आणत नाही. हवी असेल तर त्याच बैठकीत बाहेरून थोडी कातडी काढता येते. "आतून केले की बाहेर काहीच करायचे नाही" असा काही नियम नाही. मात्र मग "एकही टाका दिसणार नाही" हे आश्वासनही राहत नाही.

आतूनच करायची एक जुनी पद्धत आहे, फासानेला आणि सर्वाट यांची, १९६१ ची. तिच्यात म्यूलरबरोबर टार्सल प्लेटचाही तुकडा जातो. सोपी आहे, झटपट होते, पण कणाच कापल्यामुळे पापणीला टोक येण्याची भीती असते आणि पुढे कधी दुरुस्ती करायची तर धरायला काही उरत नाही. मी शिकताना केल्या, आता करत नाही.

बाहेरून करायची ती लिव्हेटर अॅडव्हान्समेंट. घडीत काप घ्यायचा, कधी पूर्ण, कधी फक्त ८-१० मिलिमीटरचा. आत गेल्यावर पिवळी चरबी दिसली की वाट बरोबर आहे. तिच्या खाली ती पांढरी कंडरा. ती पुढे आणून टार्सल प्लेटला बारीक टाक्याने बसवायची, म्हणजे शब्दशः नाडी आवळायची. मग रुग्णाला टेबलावर उठवून बसवायचे आणि म्हणायचे, समोर पाहा. मी दोन पावले मागे जाऊन दोन्ही डोळे न्याहाळते. कमी वाटली, टाका सोडा, पुन्हा घाला. कधी एका डोळ्याला तीन-चारदा. या शस्त्रक्रियेत सगळ्यात महत्त्वाचे हत्यार म्हणजे ते उठून बसणे, आणि म्हणून ती पूर्ण गुंगीत करू नये.

अडचण अशी, की टेबलावर दिसते ते खरे नसते. भुलीच्या इंजेक्शनमधले अॅड्रेनलिन म्यूलरला चेतवते, त्याने पापणी खोटीच वर दिसते. भूल स्नायूपर्यंत पाझरली तर पापणी खोटीच खाली दिसते. सूज तिसरीच. इतक्या वर्षांनंतरही यातला थोडा भाग अंदाजाचाच आहे, आणि कुणी शंभर टक्के सारखेपणाची हमी देत असेल तर त्याच्याकडे अंदाज नाही, नुसता आत्मविश्वास आहे. माझ्या हातून दुरुस्तीसाठी परत बोलवावे लागलेले रुग्ण आतल्या पद्धतीपेक्षा या पद्धतीत जास्त आहेत. पण तिची पोच मोठी आहे. थेंबाला प्रतिसाद न देणारी पापणी, वर चढलेली घडी, दोन-अडीच मिलिमीटरपेक्षा जास्त उतार, सोबत बरीच जास्त कातडी, या सगळ्यांना एकाच कापातून उत्तर मिळते.

म्हणून माझा कौल असा. मापे किरकोळ उताराची आली, स्नायू चांगला निघाला आणि थेंबाने पापणी बरोबरीला आली, तर दुसऱ्या डॉक्टरांचे म्हणणे योग्य: आतून करा, आणि कातडी खरोखर केसांवर टेकत असेल तरच वरून २-३ मिलिमीटरची पट्टी काढा. थेंबाने पापणी हललीच नाही किंवा घडी फार वर गेलेली असेल, तर बाहेरून लिव्हेटर. नुसती कातडी काढणे हे तुमच्या वर्णनाला सर्वांत कमी जुळते.

प्लाझ्मा पेनबद्दल फार लिहीत नाही. ते कातडीवर बारीक ठिपके जाळून ती आकसवते, कंडरेपर्यंत पोचण्याचा प्रश्नच नाही. शिवाय आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर भाजल्याचे काळे डाग महिनोन्महिने राहू शकतात, तेही पापणीवर. धाग्यांच्या लिफ्टचेही तेच, नाडी सैलच राहते. सिलिकॉनची पट्टी घालून पापणी कपाळाला टांगणे ही शस्त्रक्रिया स्नायू जवळजवळ नसलेल्यांसाठी, बहुतेकदा जन्मतः पडलेल्या पापणीसाठी असते. किरकोळ उताराला कुणी ती सुचवली तर उठून या.

कुणी तरी अमेरिकेतून थेंब आणायचे सुचवेल, म्हणून तेही सांगते. तिथल्या एफडीएने जुलै २०२० मध्ये ऑक्सिमेटाझोलिनचे ०.१ टक्क्याचे थेंब मोठ्यांच्या उतरलेल्या पापणीसाठी मंजूर केले. तेही म्यूलरलाच जागे करतात, पापणी साधारण १ मिलिमीटर चढते, तीही काही तास. लग्नाच्या एका दिवसापुरते कुणाला पटेल, दुखणे तिथेच राहते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे निदान व्हायच्या आधी असे थेंब घातले तर मायस्थेनिया किंवा हॉर्नर झाकले जाऊ शकते. आणि सर्दीच्या स्प्रेमध्ये हेच औषध असते हे वाचून तो स्प्रे डोळ्यात मारू नका. हसू नका, एका सद्गृहस्थांनी मारला होता.

आता तुम्ही न विचारलेला प्रश्न: उजव्या डोळ्याचे काय? दोन्ही पापण्यांना मेंदूकडून सारखाच हुकूम जातो, याला हेरिंगचा नियम म्हणतात. डावी पडली म्हणून मेंदू दोघींना जास्त जोर लावतो, आणि त्या जोरावर उजवी उभी असते. डावी दुरुस्त केली की जोर ओसरतो आणि उजवी, जी आजवर चांगली वाटत होती, ती खाली येते. मग रुग्ण म्हणतो, डॉक्टरांनी चांगला डोळा बिघडवला. हे आधी ओळखता येते. डावी पापणी बोटाने उचलून धरायची आणि उजवीकडे पाहायचे. किंवा थेंब फक्त डाव्या डोळ्यात घालून पाहायचे. उजवी उतरली, तर दोन्ही डोळ्यांचा विचार एकदमच करायचा. तुम्ही लेन्स दोन्ही डोळ्यांत वापरता, तेव्हा मला उजवीचीही शंका आहेच.

आणखी एक गोष्ट पापणीच्या आतली नाही, पुढची आहे: डोळ्यातले पाणी. पापणी वर गेली की बुबुळ जास्त उघडे पडते. तुमच्या वयाच्या बायकांमध्ये, त्यात लेन्स वापरणाऱ्यांत, कोरडेपणा असतोच. शर्मरची कागदी पट्टी पाच मिनिटे ठेवून पाणी मोजायचे, १० मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर आधी कोरडेपणावर इलाज. गेल्या सहा महिन्यांत लेसिक झाले असेल तर थांबायचे. थायरॉइडचा आजार असेल तर तो स्थिर होईपर्यंतही थांबायचे.

तयारीत औषधांची यादी न लपवता द्या. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, ज्यांनी दिल्या त्यांना विचारूनच. लसणाच्या गोळ्या, माशाचे तेल, व्हिटॅमिन ई, काढे यांना रुग्ण औषध मानतच नाहीत, पण त्यांनीही रक्तस्राव वाढू शकतो. मी त्या दोन आठवडे आधी थांबवते. रक्तदाब आटोक्यात हवा.

नंतरचे दोन दिवस बर्फाचा शेक, उशी उंच, खाली वाकून केर-फरशी नाही. निळेपणा दहा-चौदा दिवसांत उतरतो. बाहेरचे टाके पाच ते सात दिवसांत निघतात. काजळ-आयलायनर दोन आठवडे नाही. आतून केलेले असेल तर काही दिवस डोळ्यात कचरा गेल्यासारखे टोचते, बुबुळावर ओरखडा येऊ नये म्हणून मी पट्टीसारखी मऊ लेन्स घालून ठेवते. पापणीची खरी जागा सहा ते आठ आठवड्यांनी कळते. तोवर रोज सकाळी आरशात पट्टी घेऊन उभे राहायचे नाही, आणि नातेवाइकांना मत विचारायचे नाही.

एकच गोष्ट मात्र रात्री दोन वाजता फोन करण्यासारखी. डोळ्यामागे रक्त साठणे ही गुंतागुंत फार क्वचित होते, ब्लेफरोप्लास्टीत दोन हजारांत एखादी. पण झाली तर नजरेवर बेतते आणि तासांचा खेळ असतो. एकाएकी तीव्र दुखणे, डोळा घट्ट होऊन पुढे येणे, नजर अंधारणे, यांतले काही झाले तर सकाळची वाट पाहायची नाही. पहिल्या चोवीस तासांत धोका सर्वांत जास्त, म्हणून बाहेरगावाहून येणाऱ्यांना मी त्या रात्री गावातच ठेवते. जिथे शस्त्रक्रिया कराल तिथे रात्री कोण भेटेल, हे फीच्या आधी विचारा.

फीचे म्हणाल तर विम्याकडून फार आशा ठेवू नका. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया पॉलिसीत वगळलेलीच असते, आणि अशा उपचाराच्या बिलात जीएसटीही लागतो. पापणी दृष्टीआड येत असेल तर गोष्ट वेगळी. त्यासाठी पापणी चिकटपट्टीने उचलून आणि न उचलता, अशी दोनदा फील्ड तपासणी (नजर चौफेर किती पोचते त्याची), समोरून आणि बाजूने फोटो, आणि ती मापे, एवढे कागद आधीच जमवा. अडीच-तीन मिलिमीटर अंतर असलेल्या पापणीला विमा कंपनी सहसा मान डोलावत नाही.

डॉक्टर निवडताना नेत्रतज्ज्ञ असून नंतर ऑक्युलोप्लास्टीची, म्हणजे पापण्या आणि डोळ्याभोवतीच्या शस्त्रक्रियांची, फेलोशिप केलेले, किंवा प्लास्टिक सर्जन असून पापण्यांचे काम नियमित करणारे पाहा. त्यांना विचारा, यातल्या किती पद्धती तुम्ही स्वतः करता? ज्याला एकच येते त्याला प्रत्येक पापणी त्याच पद्धतीची दिसते.

लग्न डिसेंबरात आहे, तर शस्त्रक्रिया सप्टेंबरच्या मध्यापर्यंत व्हायला हवी. सूज उतरायला आणि लागलीच तर छोटी दुरुस्ती करायला मला अडीच-तीन महिने हवेत. ऑक्टोबर उजाडला असेल तर लग्न होऊ द्या आणि जानेवारीत या. येताना दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे दोन-तीन फोटो आणा, जुन्या पासपोर्टचा सर्वांत चांगला, कारण तो समोरून आणि न हसता काढलेला असतो. पापणी मूळची कुठे होती ते त्यावरूनच कळते. काही जणींचे डोळे जन्मापासून थोडे सुस्तच असतात आणि त्यांना तसेच शोभतात.

शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीपासून लेन्स बंद ठेवा, त्याशिवाय मापे खरी येत नाहीत. नंतर शक्य असेल तर चष्म्यावर या. नाहीच जमले तर लेन्स काढायला रबराची छोटी सक्शन कप मिळते, चष्म्याच्या दुकानात विचारा. ती वापरा, पापणी ओढायची सवय मोडा. नाहीतर नवी आवळलेली नाडी तुम्ही पुन्हा रोज रात्री सैल करत बसाल.